व्हरांड्यातलं मचाण

आमच्या घरात उभं राहून करायचं असं काम फारसं नव्हतंच. माय चुलीपुढे बसून भाकरी थापायची, बाबा ओसरीत बसून वांगी निवडायचे, मेथीच्या जुड्या बांधणं, मिरच्यांची देठं काढणं, शेवंतीचे हार करणं, सगळं बसून. बाजारात तर दिवसभर बूड हलवायचं नाही, हलवलं की शेजारच्याने गिऱ्हाईक पळवलंच समजा. अकोल्याला मोर्णेच्या काठावर आमची भाजीची वाडी होती. मी तीन वर्षांची असताना ताप आला, आणि तो उतरला तेव्हा माझा डावा पाय पार लुळा झाला होता आणि उजवा अर्धामुर्धा उरला होता. ‘पोलिओ’ हा शब्द आमच्यात कोणाला ठाऊक नव्हता. पायावरून वारं गेलं, एवढंच म्हणत. मी अपंग आहे हे मला पुष्कळ वर्षं कळलंच नाही असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. बसलेल्या माणसांच्या घरात बसलेली एक पोरगी उठून दिसणार तरी कशी? उलट हातांनी मी घरात सगळ्यांत चलाख होते. माझी जुडी सैल पडली असं कधी कोणी म्हटलं नाही.

पहाटे विहिरीवर मोट सुरू व्हायची. चाकाचा कुईकुई आवाज, मग थारोळ्यात पाणी पडल्याचा धबधबा, मग बैलांना बाबांचं चुचकारणं, आणि पुन्हा कुईकुई. अजूनही झोपेतून जाग येताना मला क्षणभर तो आवाज येतो आणि मग लक्षात येतं की तो पंख्याचा आहे. उजाडता उजाडता भाजी हौदात धुऊन हातगाडीवर रचली जायची. पालक, चुका, भेदरं म्हणजे टमाटे, वर ओल्या फडक्यात गुंडाळलेला सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि पुण्याच्या माणसाला हे सांगितलं की तो उगाच हसतो. या सगळ्याच्या मधोमध एक पोतं अंथरून मला बसवलं जायचं, कारण बाजाराच्या वाटेवरच माझी शाळा होती. फाटकाशी बाबा गाडी हळू करायचे, पण पुरती थांबवायचे नाहीत, कारण भरलेली गाडी पुन्हा ढकलायला जोर लागतो. मी काठी आधी टाकायची आणि दोन्ही हातांवर भार देऊन मागून सुळकन उतरायची. “आली वं भाजी आली!” असं मुली ओरडायच्या. मला राग यायचा नाही. अंगाला सांबाराचा वास यायचा, मग भाजीच म्हणणार ना, दुसरं काय म्हणतील?

संध्याकाळी जे विकलं जायचं नाही ते सगळं एका गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, शिजायचं. दोन वांगी, मूठभर गवार, सुकत आलेला मुळा, वरून तिखट आणि जवसाची चटणी. आमच्या जेवणात काय असेल हे माय ठरवत नसे, बाजार ठरवत असे. बाजार चांगला झाला की भाजी वाईट आणि बाजार पडला की भाजी चमचमीत, त्यामुळे आम्हा भावंडांच्या प्रार्थना बाबांच्या नेमक्या उलट असत. त्या भाजीचा वास लागला की मी अजूनही दोन घास जास्त जेवते.

विज्ञानाचं वेड मला हळदीने लावलं. मायच्या लुगड्यावर हळदीचा पिवळा डाग पडायचा आणि साबण लावला की तो लालभडक व्हायचा. मी विचारलं, “माय, हे लाल काहून होते?” माय म्हणाली, “होते म्हनून होते. तू घास.” शाळेत विज्ञानाच्या सरांना विचारलं, ते म्हणाले, “कॉलेजात कळेल.” बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. पण मी ते वचन धरून बसले. मॅट्रिक पास झाले तेव्हा नातेवाइकांत बरीच चर्चा झाली आणि शेवटी आमच्या मोठ्या काकांनी निकाल दिला, “शिकू द्या तिले. लग्नाचं तं काई खरं नाई.” माझ्या दोन्ही बहिणी माझ्याहून हुशार होत्या. एकीला तर तोंडी हिशेब माझ्या दुप्पट वेगाने यायचा. दोघींचे पाय धड होते, म्हणून दोघी सातवीनंतर बोहल्यावर चढल्या. मी कॉलेजात गेले ती या वाकड्या पायाच्या कृपेने. याचं मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं, आणि या वयात दोन्ही एकदमच येतं.

अकोल्यात कॉलेज होतं, पण आमच्या वाडीपासून दूर, आणि बाजाराच्या वाटेवर नव्हतं. अमरावतीला मात्र माझे मामा देवीच्या देवळाजवळ फुलं विकत आणि त्यांचं घर एका कॉलेजच्या फाटकासमोरच्या गल्लीत होतं. तेव्हा ठरलं की शेवंता, म्हणजे मी, अमरावतीला जाईल. बडनेऱ्याला गाडी बदलून बाबा आणि मी अमरावतीला उतरलो. सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि बाबांनी आणलेलं वांग्यांचं टोपलं. मामी फार बोलकी नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि पाटावर बसवून ताटात गोळ्यांची कढी वाढली. वाढता वाढता एवढंच म्हणाली, “लाजजो नको. इथं लाजली का उपाशी राहशीन.” त्या घरात मी दोन वर्षं राहिले आणि एकदाही उपाशी राहिले नाही.

कॉलेजात मात्र पहिल्याच आठवड्यात मला कळलं की जग उभं आहे. बाकं उंच, फळा उंच, खिडकीवरच्या नोटिसा उंच. व्याख्यानं इंग्रजीत, ती निदान बसून ऐकायची होती, म्हणून निभावलं. खरी अडचण आली रसायनाच्या प्रयोगशाळेत. ती तळमजल्यावर होती, हे नशीब, पण आतली टेबलं माझ्या छातीपर्यंत. मी उभी राहू शकायची, काठीच्या आधाराने. पण एक हात काठीला गेला की उरला एकच. ब्युरेटची तोटी एका हाताने फिरवायची आणि दुसऱ्या हाताने खालचा चंबू हलवत राहायचं, असं ते काम. मी काठी काखेत धरून पाहिली, टेबलाला टेकून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी चंबू हातून सुटला आणि फरशीवर फुटला.

रसायनाचे सर पुण्याकडून आलेले होते. गोरे, किडकिडीत, आणि चिडले की कानापासून लाल होत जाणारे, म्हणून मुली त्यांना आपसात ‘लिटमस’ म्हणत. त्यांनी मला बाहेर बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीने बोलले.

“हे बघ, आज चंबूत पाणी होतं. उद्या ॲसिड असेल. सांडलं तर बाकीच्या मुली मागे उडी मारतील. तू काय करशील?”

मी म्हटलं, “सर, मला बसून करू द्या. उंच स्टूल दिलं तर...”

“बसून तर आणखीच वाईट. सगळं मांडीवर येईल. आर्ट्सला जा. इतिहास घे, छान विषय आहे. सोमवारी प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटू आणि बदलून घेऊ.”

इतिहासावर माझा काही राग नव्हता. पण घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. मामीने मामांना स्टेशनवर पिटाळलं आणि अकोल्याकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या भाजीवाल्याजवळ निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा दारात उभे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा प्यायले, आणि विचारलं, “तो मास्तर तुले बसू काहून देत नाई?”

“तिथं बसायची सोयच नाही, बाबा.”

“मंग आपली सोय आपन नेऊ,” बाबा म्हणाले, जणू यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

आमच्या भागात तेव्हा लग्नाच्या पंगतीला जाताना प्रत्येक जण आपला पाण्याचा गडू घरून घेऊन जात असे. वाढपी जेवण वाढत, पाणी वाढत, पण भांडं आपलं आपण न्यायचं. यजमानाकडे एवढे गडू कुठून असणार? त्यात ना त्याला कमीपणा, ना आपल्याला. बाबांच्या लेखी कॉलेज हे असंच एक मोठं घर होतं, त्यांच्याकडे एक भांडं कमी होतं, एवढंच. शनिवार-रविवार ते आणि मामा मागच्या अंगणात ठोकाठोक करत बसले. मला वाटलं एखादं स्टूल होईल. पण बाबांनी जन्मात स्टूल केलं नव्हतं. त्यांना येत होतं ते मचाण, शेताची राखण करायला बसतात तसलं. बाभळीचे चार खांब, वर बांबूच्या कामट्यांची बैठक, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या दोन्ही अंगांना एकेक टोपलं मावेल एवढी ऐसपैस. उंची तेवढी त्यांनी कमी केली होती. “टेबलाले टेकन असं केलं,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मामांच्या हातगाडीवर ते चढवलं, मलाही वर बसवलं, आणि आमची वरात कॉलेजच्या फाटकातून आत शिरली. मुलं खिडक्यांत जमली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण बाबा रस्त्यात भेटेल त्याला रामराम करत होते. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात मचाण उतरवलं आणि दाराशी नेलं. ते दारातून जाईना. आडवं केलं, तिरपं केलं, खांब आधी, बैठक आधी. मामा म्हणत होते, “भाऊजी, जरा डावीकडे,” आणि बाबा म्हणत होते, “डावीकडं भित हाये ना!” शेताला दार नसतं. मचाण करताना दाराचं माप घ्यावं लागतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी ते चौकटीत असं अडकलं की ना आत ना बाहेर, आणि नेमके तेव्हाच आतून सर आले. कान लाल झालेलेच होते.

“हे काय आहे?”

“मचान हाये साहेब. पोरीले बसाले.”

“कॉलेजात मचाण?”

“तुमच्याकडं बसाची सोय नाई म्हने. मंग आमी आमची घेऊन आलो. पंगतीले आपन आपला गडू नेतो का नाई, तसं.”

“ही लग्नाची पंगत नाही!” सर जवळजवळ ओरडलेच.

बाबांनी पटक्याच्या शेवाने घाम पुसला. “नाई ना साहेब,” ते अगदी साधेपणाने म्हणाले. “पंगतीत बसल्या मानसाले कोनी उठवत नाई.”

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. बाबांना टोमणा मारता येत नसे, त्यासाठी माय होती. आमची वऱ्हाडी पुण्याच्या कानाला आधीच उर्मट लागते, त्यात हे वाक्य. मी डोळे मिटून घेतले. मग सरांनी स्वतः एका बाजूने हात लावला, मचाण ओढून चौकटीतून सोडवलं आणि व्हरांड्यात भिंतीपासून दूर उभं केलं. मला वाटलं, आता म्हणतील, घरी न्या. ते मला म्हणाले, “चढ. बसून दाखव.”

मी काठी ठेवली, हातांच्या जोरावर वर चढले आणि मांडी घालून बसले. सरांनी आतून ब्युरेटचा स्टँड आणला, ब्युरेटमध्ये पाणी भरलं, चंबू माझ्यापुढे ठेवला. “कर.” मी दोन्ही हातांनी केलं. थेंब थेंब पाणी चंबूत पडत होतं आणि चंबू सारखा फिरत होता. मांडी घालून दोन्ही हातांनी काम करणं हे मी जन्मापासून करत आले होते. सर पाहत होते. मग काही कळायच्या आत त्यांनी पाण्याने भरलेलं एक बीकर माझ्यापुढे आडवं केलं आणि ओरडले, “ॲसिड!”

पाणी मांडीपर्यंत येण्याआधी मी मागच्या मागे खाली उतरले होते. शाळेच्या फाटकाशी चालत्या गाडीवरून रोज उतरायची तशी, हातांवर भार देऊन, सुळकन. फरशीवर बसून मी वर पाहिलं तर पाणी बांबूच्या फटींतून खाली गळत होतं आणि माझी साडी पदराच्या टोकाला तेवढी भिजली होती. मामा हसायला लागले. बाबा सरांकडे असे पाहत होते जणू हा माणूस डोक्याने जरा अधू असावा.

सर म्हणाले, “हं.” नुसतं ‘हं’. मग अटी घातल्या. कामट्यांवर काच बसवायची, पुढे लाकडी पट्टी ठोकायची, रबरी एप्रन घालायचा, शेजारी पाण्याची बादली आणि वाळूची बादली, आणि तीव्र ॲसिडला सर स्वतः समोर असल्याशिवाय हात लावायचा नाही. “ही दया नाही,” ते म्हणाले. “नीट केलं नाहीस तर इतिहास आहेच.” इतका गोड दम मला त्यानंतर कोणी दिलेला नाही.

दोन वर्षं मी त्या व्हरांड्यात रसायन शिकले. थंडीत बोटं गारठायची, वारा सुटला की दिवा विझायचा. एकदा माझ्या वर्गातली विमल आतून द्रावणाच्या बाटल्या आणून देईपर्यंत एक बकरी येऊन माझे फिल्टर पेपर खाऊन गेली, तेव्हा सरांनी बकरीलाही इंग्रजीतून झापलं. विमलने हे असं दोन वर्षं केलं. आधी माझ्या बाटल्या आणायच्या, मग आत जाऊन आपला प्रयोग. मी कधी आभार मानले की म्हणायची, “आत लय वास येते ना वं, मले तेवढीच हवा भेटते.” हळदीचं कोडंही तिथेच सुटलं. साबणात अल्कली असते आणि अल्कली लागली की हळद रंग बदलते, हे सरांनी सहज जाता जाता सांगितलं आणि मी दिवसभर वेड्यासारखी हसत होते. बाबा महिन्या-दोन महिन्यांनी येत, फाटकाशी उभे राहून लांबूनच मला पाहत, आणि मामीला जाऊन सांगत, “पोरीनं मस्त दुकान लावलं हाये.”

हल्ली सगळीकडे रॅम्प झालेत. चांगलंच आहे. आमच्या बँकेसमोरही आहे, त्यावर लोक मोटारसायकली उभ्या करतात. मी चाकाची खुर्ची थांबवून त्यांना चार शब्द सुनावते आणि मग कोणीतरी गाडी हलवतं. पण त्या काळी कायदा नव्हता, सोय नव्हती, मागायचं कोणाकडे हेही माहीत नव्हतं. होती ती माणसं. सगळ्यांना असली माणसं भेटली नाहीत. आमच्याच गल्लीतली माझ्यासारखी एक मुलगी जन्मभर उंबऱ्यावर बसून राहिली. म्हणून मी जे लिहिते आहे ते ‘तेव्हा सगळं चांगलं होतं’ असं सांगायला नाही. मला मिळालं, आणि ते किती सहज न मिळू शकलं असतं हे मला पुरतं ठाऊक आहे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, इंटरच्या प्रात्यक्षिक परीक्षेला, विद्यापीठाचे परीक्षक बाहेरगावाहून आले. सूट, जाड चष्मा, आवाज खालचा. व्हरांड्यात मचाणावर बसलेली मी त्यांना येतानाच दिसले. ते थांबले आणि सरांना म्हणाले, “ही कोण?”

“परीक्षार्थी,” सर म्हणाले. “इथेच प्रयोग करते. दोन वर्षं.”

“प्रात्यक्षिक परीक्षा प्रयोगशाळेत होते, प्रोफेसर. नियम तसा आहे. व्हरांड्यातल्या प्रयोगाला मी गुण कसे देणार?” ते वाईट माणूस नव्हते. खरंच अडचणीत पडल्यासारखे बोलत होते. “आत उभी राहू शकत असेल तर पाहा. नाहीतर मला हिची गैरहजेरी लावावी लागेल.”

आत मुलींनी चिमट्यांचा आवाजसुद्धा थांबवला. आत उभी राहून मला प्रयोग जमणार नव्हता, आणि प्रात्यक्षिकाला नापास म्हणजे इंटरला नापास. दोन वर्षं, मामीची कढी, बाबांच्या खेपा, सगळं पाण्यात. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल व्हायला लागले होते. मला वाटलं, आता भांडतील आणि सगळंच बिघडेल.

सर भांडले नाहीत. त्यांनी शिपायाला हाक मारली आणि हातोडी आणायला सांगितली. प्रयोगशाळेच्या दारावर एक पत्र्याची पाटी होती, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘रसायन प्रयोगशाळा’ लिहिलेली. सर स्वतः स्टुलावर चढले, कोट घातलेला तसाच, आणि त्यांनी ती पाटी उचकटली. दोन खिळे वाकले. मग ते स्टूल घेऊन व्हरांड्याच्या पायरीपाशी गेले आणि बाहेरच्या लाकडी खांबावर ती पाटी ठोकली. ठोकताना त्यांच्या बोटाला लागलं, ते त्यांनी तोंडात घातलं. शिपाई आ वासून पाहत होता.

“विभागप्रमुख मी आहे,” सर खाली उतरून म्हणाले. “प्रयोगशाळा कुठून कुठपर्यंत, हे मी ठरवतो. ती इथून सुरू होते.”

परीक्षक पायऱ्या उतरून पुन्हा खाली गेले. खालून त्यांनी पाटी वाचली, सावकाश, जणू पहिल्यांदाच येत असावेत तशी. मग पाटीखालून वर आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. चष्मा काढून पुसला. मी हात जोडले होते की नुसते मांडीत धरले होते, आता आठवत नाही.

“काय गं,” त्यांनी विचारलं, “तू प्रयोगशाळेत आहेस ना?”

विमल आतून खिडकीला नाक लावून पाहत होती. सर बोट चोखत दुसरीकडेच बघत उभे होते.

“हो सर,” मी म्हणाले. “आहे.”